शेत सुकतंय ते पावसाच्या खंडामुळे की हुमणीमुळे? उत्तर ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या बगळ्यांकडे आहे

संध्याकाळी मोबाईल उघडला की एक रील हमखास समोर येते. काळ्या रानातून ट्रॅक्टर चाललाय. मागे पलटी नांगर मातीची मोठमोठी ढेकळं उलथवतोय. स्पीकरवर जुनं गाणं लागलंय आणि नांगराच्या मागे पांढऱ्या बगळ्यांची रांग आहे. खाली कमेंटमध्ये कुणी लिहितं, 'दिवसभराचा थकवा गेला', कुणी लिहितं, 'गावाची आठवण आली'. अनेकांसाठी अशा रील्स म्हणजे झोपण्याआधीची विश्रांती झाली आहे.

आता पुढच्या वेळी ट्रॅक्टर सोडून त्या बगळ्यांकडे बघा. ते नांगराच्या अगदी मागोमाग चालतात, ढेकळात चोच घालतात, काहीतरी उचलतात आणि गिळतात. नांगराने वर आणलेले गांडूळ, किडे आणि अळ्या असं त्यांचं जेवण चाललेलं असतं. त्या ताटात बऱ्याचदा एक पांढरी, जाडसर, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली अळी असते. तिचं नाव हुमणी. काही भागांत तिला उन्नीही म्हणतात.

परभणी जिल्ह्यात ऊस, सोयाबीन, हळद, तूर किंवा ज्वारी घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही अळी म्हणजे वर्षभराच्या कमाईचा प्रश्न असतो. आणि तिचा सगळ्यात मोठा घोळ होतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाने दडी मारली की. पीक सुकायला लागतं. सगळे आभाळाकडे बघतात. जमिनीखाली कुणी बघत नाही.

म्हणून हा लेख: हुमणी नेमकं काय करते, पावसाचा खंड पडला की ती 'अचानक' कुठून येते, आणि ट्रॅक्टर तिच्यावर कधी कामाला येतो, कधी येत नाही.

हुमणी म्हणजे काय?

हुमणी ही एका भुंगेऱ्याची अळी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावरच्या दिव्याखाली, मंगल कार्यालयांच्या लॉन्सवरच्या हॅलोजनभोवती किंवा आखाड्यावरच्या बल्बला येऊन धडकणारे तपकिरी भुंगेरे तुम्ही पाहिले असतील. त्यातले बरेच हिचे आई-बाप.

महाराष्ट्रात पिकांना त्रास देणाऱ्या हुमणीच्या दोन जाती जास्त चर्चेत असतात. एक माळरानावरची, जिचं शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. दुसरी नदीकाठची, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. नदीकाठची हुमणी मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रात दिसते. या लेखात आपण होलोट्रिकियाबद्दल बोलणार आहोत.

एक गैरसमज आधीच दूर करू. उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी पिकाची शत्रू नसते. शेणखताच्या खड्ड्यात बऱ्याचदा गेंडा भुंग्याच्या अळ्या सापडतात. त्याही पांढऱ्या, वाकलेल्या आणि चांगल्या बोटाएवढ्या जाड असतात, पण त्या कुजणाऱ्या शेणावर जगतात. हुमणी ओळखायची ती जागेवरून: पिकाच्या कुरतडलेल्या मुळांपाशी सापडली, तर ती हुमणी.

तिचं वर्षभराचं वेळापत्रक

होलोट्रिकिया हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब यावर आहे.

मे-जून: वळवाचा किंवा मोसमी पावसाचा पहिला चांगला शिडकावा झाला की जमिनीत सुप्त बसलेले भुंगेरे बाहेर पडतात. वेळ ठरलेली असते, दिवस मावळल्यावर. ते कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं. पहाटेच्या आत परत मातीत जातात.

जून-जुलै: मादी जमिनीत सुटी सुटी अंडी घालते. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. दोनेक आठवड्यांत अळ्या बाहेर येतात. सुरुवातीला त्या जमिनीतला कुजलेला पालापाचोळा आणि बारीक तंतुमुळं खातात. या काळात वरून काहीच दिसत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर: अळी दोनदा कात टाकून मोठी झालेली असते. तिची भूक आता जबर असते आणि ती थेट मुख्य मुळांवर येते.

ऑक्टोबरनंतर: पूर्ण वाढलेली अळी खोल जाते, मातीत घर करून कोष बनवते. कोषातून भुंगेरा तयार होतो, पण तो बाहेर येत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत, पहिल्या पावसापर्यंत, तिथेच पडून राहतो.

म्हणजे बारा महिन्यांत ही कीड जमिनीच्या बाहेर येते ती फक्त पावसाळ्याच्या तोंडावर, आणि तीही रात्रीची. बाकी सगळा काळ ती आपल्या नजरेआड असते.

मग पावसाचा खंड पडला की ती 'अचानक' कशी येते?

ती अचानक येत नाही. ती जुलैपासून तिथेच असते. खंड पडला की फक्त तिचं केलेलं काम उघडं पडतं.

समजा एका झाडाची निम्मी मुळं हुमणीने खाल्ली. पाऊस नियमित पडतोय, जमिनीत ओल भरपूर आहे. उरलेल्या निम्म्या मुळांनीही झाडाचं भागतं. पानं हिरवी राहतात. शेतकरी बांधावरून बघतो आणि म्हणतो, रान चांगलं आहे.

आता पाऊस थांबला. वरची माती वाळली, भेगा पडायला लागल्या. अशा वेळी निरोगी झाड खोलवरच्या मुळांनी खालची ओल ओढतं. पण ज्याची मुळंच तुटलीत, त्याने ओढायचं कशाने? ते झाड आठवड्याभरात माना टाकतं. शेजारचं निरोगी झाड मात्र तग धरून असतं.

याचा एक चांगला पुरावा शेतात नाही, लॉनमध्ये सापडतो. अमेरिकेत घराभोवतीच्या हिरवळीला हुमणीच्याच कुळातल्या अळ्या लागतात. त्यातली सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे जपानी भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ साली न्यू जर्सी राज्यातल्या रिव्हरटन गावाजवळच्या एका नर्सरीत सापडला. आज न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही उन्हाळ्याच्या शेवटी लॉन पिवळं पडण्याची ही कटकट माहीत असते. तिथले कृषी सल्लागार एक गोष्ट सातत्याने सांगतात: नियमित पाणी मिळणारं लॉन बऱ्यापैकी अळ्या पोटात घेऊनही हिरवं दिसतं, आणि तेवढ्याच अळ्या असलेलं कोरडं लॉन करपून जातं. अळ्या सारख्याच, फरक पाण्याचा.

आपल्या रानातही हेच होतं. फरक एवढाच की परभणीत बऱ्याच शेतांना नळी फिरवून पाणी द्यायची सोय नाही. जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा, दुधना वाहतात. जायकवाडीचा डावा कालवा, येलदरी आणि निम्न दुधना प्रकल्प आहेत. तरी खरिपाचं मोठं क्षेत्र पावसाच्याच भरवशावर आहे.

आणि खंड आता नवे राहिलेले नाहीत. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. त्याआधी २०१८ मध्ये राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साखर कारखान्यांच्या 'इस्मा' या देशपातळीवरच्या संघटनेने साखर उत्पादनाचा अंदाज सुमारे ३५० लाख टनांवरून ३१५ लाख टनांवर आणला. दिलेल्या कारणांमध्ये कमी पाऊस होता आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या उसावरची हुमणीही होती. कोरडं वर्ष आणि हुमणी, दोन्ही नावं एकाच यादीत.

ओळखायचं कसं: तहान की हुमणी?

यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही. एक खुरपं आणि दहा मिनिटं पुरतात.

पहिली खूण, सुकण्याचा आकार. पाणी कमी पडलं तर आधी हलकी, मुरमाड जागा आणि चढाचा भाग सुकतो, आणि तो सगळाच्या सगळा सुकतो. हुमणी लागली असेल तर मधेच ठिपके पडल्यासारखी झाडं जातात किंवा एकाच तासात ओळीने एकामागून एक झाड वाळत जातं. अळी एका झाडाची मुळं संपवून शेजारच्या झाडाकडे सरकते, म्हणून ही ओळ तयार होते.

दुसरी खूण, संध्याकाळ. तहानलेलं झाड दुपारी कोमेजतं आणि उन्हं उतरल्यावर थोडं सावरतं. मुळं तुटलेलं झाड संध्याकाळीही तसंच राहतं.

तिसरी आणि सगळ्यात पक्की खूण, झाड उपटून बघणं. पाण्याअभावी सुकलेलं झाड जमीन घट्ट धरून असतं. हुमणीने खाल्लेलं झाड हलक्या हाताने वर येतं. मुळांच्या जागी कुरतडलेला बुडखा दिसतो. उसाचं तर आख्खं बेट हाताने हलतं.

मग त्या जागी साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून माती उकरा. खंडात अळ्या ओलीच्या शोधात खाली जातात, त्यामुळे वरवर उकरून समाधान मानू नका. पिकात दर चौरस मीटरला सरासरी एक अळी सापडली, तरी कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानुसार उपाय करायची वेळ आलेली असते. एक अळी म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एका अळीच्या वाट्याला ओळीतली सलग कितीतरी झाडं येतात.

हा फरक ओळखणं महत्त्वाचं का? कारण चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. खंड समजून शेजाऱ्याच्या विहिरीवरून विकतचं पाणी घेतलं, तर मुळंच नसलेलं झाड ते पिणार नाही. आणि हुमणी समजून महागडं औषध ओतलं, तर तहानलेल्या पिकाला त्याचा उपयोग नाही.

सप्टेंबरमध्ये औषध का फसतं?

याच काळात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हुमणीचा शंभर टक्के नायनाट' असे मेसेज फिरायला लागतात. ते फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी.

एक, या वेळेला अळी मोठी झालेली असते. लहान अळीला मारणारी मात्रा मोठ्या अळीला पुरत नाही.

दोन, कोरड्या जमिनीत अळी खोल गेलेली असते. वरून टाकलेलं औषध ओल नसल्याने तिथपर्यंत पोहोचतच नाही. ते वरच्या मातीत राहतं आणि गांडुळांना आणि मित्रकीटकांना भोवतं.

तीन, जुन्या मेसेजमध्ये अजूनही फोरेटचं नाव असतं. वर्षानुवर्षं हुमणीवर हे दाणेदार कीटकनाशक सर्रास वापरलं गेलं. पण ते अतिशय विषारी आहे आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्यावर पूर्ण बंदी आहे. कुणी 'जुना स्टॉक आहे' म्हणून देत असेल तर घेऊ नका. दुसरं कुठलंही कीटकनाशक असो, डब्याच्या लेबलवर तुमच्या पिकाचं आणि हुमणीचं नाव आहे का ते आधी बघा. नसेल तर ते तुमच्यासाठी नाही.

जैविक उपाय आहे, पण त्यालाही वेळेचं बंधन आहे. मेटारायझियम ही एक बुरशी आहे. तिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, रुजतात, आत शिरतात आणि अळी मरते. मेलेल्या अळीवर हिरवट थर दिसतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ही बुरशी तयार करून शेतकऱ्यांना विकली जाते, आणि जमिनीत हेक्टरी १० किलो वापरायची शिफारस आहे. पण बुरशीला रुजायला ओल लागते. म्हणून ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून जून-जुलैत, जमिनीत वाफसा असताना द्यायची. भेगाळलेल्या रानात ऑगस्टच्या उन्हात टाकली तर फायदा मिळणार नाही. आणि तिच्यासोबत बुरशीनाशक मिसळायचं नाही, कारण ते याही बुरशीला मारणार.

खरा सामना जूनच्या संध्याकाळी

आता त्या वेळापत्रकाकडे परत जाऊ. हुमणी जमिनीबाहेर येते ती पहिल्या पावसानंतरच्या रात्री. तेव्हा ती भुंगेऱ्याच्या रूपात, ठरलेल्या झाडांवर, ठरलेल्या वेळी जमते. तिला गाठायची याहून सोपी वेळ वर्षभरात दुसरी नाही.

एक साधा हिशोब करू. शिफारशीनुसार एका कडुनिंबावर किंवा बाभळीवर सरासरी २० किंवा जास्त भुंगेरे दिसले, तर ते धोक्याचं मानतात. समजा त्यातल्या १० माद्या आहेत. प्रत्येकीने ५० अंडी घातली तर झाली ५०० अंडी. सगळी जगली, तर दर चौरस मीटरला एक अळी या हिशोबाने ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पाच गुंठे रान धोक्याच्या पातळीवर गेलं. सगळी अंडी जगत नाहीत हे खरं. पण भुंगेरेही एका झाडावर वीसच असतात असं नाही, आणि बांधावर झाडही एकच नसतं.

उलट बाजूने बघा. ते २० भुंगेरे एका संध्याकाळी गोळा केले, तर पाच गुंठ्यांचं नुकसान अंडी पडण्याआधीच थांबलं. खर्च काय? एक लांब काठी, झाडाखाली अंथरायला जुनी ताडपत्री, आणि बादलीभर पाण्यात थोडा साबण किंवा रॉकेल. अंधार पडला की फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे बादलीत टाकायचे. आखाड्यावर वीज असेल तर दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवलं तरी प्रकाश सापळा तयार होतो. पहिल्या पावसानंतर पुढचे काही दिवस हे सलग करायचं.

अट एकच, हे एकट्याने करून भागत नाही. भुंगेऱ्याला बांध कळत नाही. तुम्ही तुमच्या बाभळी झाडल्या आणि शेजाऱ्याने नाही, तर त्याच्या झाडावरच्या माद्या तुमच्या रानात उतरू शकतात. म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायचं हे काम आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण सगळेच अभिमानाने सांगतो. या बाबतीत दोघांचं दुखणंही सारखं आहे. जर्मनीत 'मायकेफर' म्हणजे मे महिन्यातला भुंगेरा प्रसिद्ध आहे. त्याची अळी तर जमिनीत तीन-चार वर्षं मुळं खात राहते. रासायनिक कीटकनाशकं येण्याआधी तिथला मोठा उपाय काय होता? झाडं हलवून भुंगेरे गोळा करणं. या कामाला शाळेतली मुलंसुद्धा लावली जायची.

आणि ट्रॅक्टर?

रीलमधलं दृश्य नुसतं दिसायला छान नसतं. त्यात हुमणीवरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. नांगरट खोल झाली की जमिनीतल्या अळ्या, कोष आणि सुप्त भुंगेरे वर येतात. काही उन्हाने मरतात, काही नांगराच्या फाळाने, बरेचसे बगळे, कावळे, साळुंक्यांच्या पोटात जातात. पण हे सगळं जमून यायला तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

अवजार: रोटाव्हेटर वरवरची माती भुसभुशीत करतो, रान दिसायला सुरेख होतं. पण तो काही इंचच खाली जातो. खाली बसलेल्या भुंगेऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी पलटी नांगरच हवा. भारी काळ्या जमिनीत दरवर्षी खोल नांगरट करायची गरज नसते, साधारण तीन वर्षांतून एकदा पुरते. ज्या रानात गेल्या हंगामात हुमणी सापडली, ते रान आधी घ्या.

वेळ: उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळिशी पार करतो. त्यामुळे बरेच जण रात्री ट्रॅक्टर चालवतात. हेडलाइट लावून, गाणी लावून, गार वाऱ्यात. चालवणाऱ्याला त्याचा आराम आहे, यात शंका नाही. पण रात्री बगळे झोपलेले असतात. वर आलेला भुंगेरा सकाळपर्यंत पुन्हा ढेकळात शिरतो. ज्या रानात हुमणी आहे, ते तरी सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर नांगरा. फुकटचे मजूर तेव्हाच कामावर असतात.

पीक: उसाचा खोडवा ठेवला की त्या जमिनीत दोन-तीन वर्षं नांगर फिरत नाही. हुमणीला याहून सुरक्षित घर नाही. प्रादुर्भाव झालेल्या उसाचा खोडवा ठेवायचा मोह टाळलेला बरा.

ट्रॅक्टरचा आणखी एक उपयोग थेट खंडासाठी आहे. रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ यंत्राने सोयाबीन पेरलं तर वरंब्यावर पीक आणि मधे सरी राहते. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर सरीत मुरलेली ओल पिकाला पुरते. हुमणी याने मरत नाही. पण मुळं थोडी कमी झालेल्या झाडाला तग धरायला चार दिवस जास्त मिळतात, आणि खंडात चार दिवस मोठे असतात.

खंड पडलाच तर?

आधी झाड उपटून बघा आणि दुखणं कोणतं ते ठरवा. नुसता पाण्याचा ताण असेल तर कोळपणी करून भेगा बुजवा, म्हणजे ओल उडून जाणं कमी होतं. पिकावर एक टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, फवारायचा सल्ला विद्यापीठ देतं. पाण्याची सोय असेल तर एक संरक्षित पाणी द्या.

हुमणी निघाली तर वाळलेली झाडं उपटून, बुडातल्या अळ्या वेचून मारा. ओळीत पुढच्या हिरव्या झाडाखालीही उकरा, कारण अळी बहुधा तिथे पोहोचलेली असते. औषध द्यायचंच असेल तर पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडल्यावर, कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून द्या.

शेत नाही, फक्त लॉन आहे?

परभणीतल्या बंगल्यापुढची हिरवळ असो की पुण्यातल्या सोसायटीची, नियम तोच. पावसानंतर लॉन ठिपक्याठिपक्यांनी पिवळं पडलं, गवत सतरंजीसारखं गुंडाळता यायला लागलं, कावळे-साळुंक्या एकाच जागी उकरत बसल्या, तर गवत उचलून खाली बघा. जूनमध्ये रात्रभर जळणारे बागेतले दिवे काही आठवडे बंद ठेवा, निदान भुंगेऱ्यांना आमंत्रण जाणार नाही. कच्चं शेणखत टाकू नका.

शेवटी, तारखांचं

१८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. दरवर्षी त्या वर्धापनदिनाच्या सुमारास विद्यापीठात खरिपाचा मेळावा भरतो. बियाण्यासाठी रांगा लागतात. हुमणीचे भुंगेरेही याच दिवसांत पहिल्या सरीची वाट बघत जमिनीत बसलेले असतात. बियाणं आणायला गेलात तर मेटारायझियमची चौकशीही तिथेच करून या, आणि येताना बांधावरच्या कडुनिंबांची संख्या मोजून ठेवा.

हा लेख गावाच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर सप्टेंबरमध्ये टाकू नका, तोवर उशीर झालेला असतो. सेव्ह करून ठेवा आणि वळवाचा पहिला पाऊस पडेल त्या दिवशी दुपारी पाठवा. संध्याकाळी काठी घेऊन बाहेर पडायला तेवढा वेळ पुरतो.